दव वाळेपर्यंतचा वर्ग

प्रा. सुमन मामिडवार यांच्याशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या रागावण्यातून. राज्याच्या सीमेपलीकडच्या, पण घरोघरी मराठी बोलणाऱ्या आमच्या जिल्ह्यातल्या एका छोट्या सरकारी डिग्री कॉलेजात मी बी.एस्सी.ला नाव घातलं होतं आणि दिवाळीनंतर तिकडे तोंड दाखवलं नव्हतं. तलमडुगूला आमच्या शेतात कापूस फुटला होता. एका सकाळी पहिल्या बसने मॅडम थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"येचाले बाया भेटून नाई राह्यल्या मॅडम, पोरीले कशी धाडू?" बाबा म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मंग कॉलेजात येऊन सांगता येत नवतं काय वं? मुकाट्यानं काऊन बसली?"

रागावून झाल्यावर त्यांनी चहा घेतला आणि वेचणी रोज किती वाजता सुरू होते ते विचारलं. भिजलेला कापूस कुणी वेचत नाही. उन्हानं दव वाळलं की मगच बाया कापूस भरायला कमरेला लुगड्याची ओटी बांधतात. मॅडम बाबांना म्हणाल्या, "मंग दव वाळेस्तोवर पोरी माह्या, मंग तुमच्या."

दुसऱ्याच दिवशी गावच्या शाळेच्या ओट्यावर वर्ग भरला. माझ्यासारख्याच वेचणीत अडकलेल्या चौघी-पाचजणी होतो. मॅडम कपाशीचं फूल ब्लेडनं उभं चिरून दाखवत, मराठीत समजावत, पुस्तकातले इंग्रजी शब्द पाठ करून घेत. "घरी जास्तीचा झाला" म्हणून उपमा रोज आणत. तो रोज कसा जास्तीचा होई, हे विचारायची आमची हिंमत नव्हती. मग परतीची बस धरून दहाचा तास घ्यायला त्या कॉलेजात हजर असत.

यापुढचं मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शोभणार नाही, असं संपादक मंडळानं मला सुचवलं आहे. शोभत नसेल तर नसो.

परीक्षेच्या तोंडावर वरून आलेल्या एका साहेबांनी मॅडमनी ओट्यावरच्या वर्गात लावलेली आमची हजेरी कापली. "कॉलेज के बाहर की हाज़िरी नहीं चलेगी." आमचं वर्ष बुडणार होतं. ऑफिसातून लगेच दुसरी वाट दाखवण्यात आली: काविळीचा दाखला आणा, सगळेच आणतात. खोटी कावीळ चालते आणि खरा अभ्यास चालत नाही! आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. बाबा दाखला आणायला निघालेही होते. मॅडमनी त्यांना अडवलं आणि आम्हां सगळ्यांना घेऊन त्या प्राचार्यांसमोर उभ्या राहिल्या.

"ह्या पोरी बिमार नव्हत्या, सर. कामावर होत्या आणि शिकतही होत्या. मी शिकवलंय. हजेरी खोटी वाटत असेल तर शिक्षा मला करा, त्यांना परीक्षेला बसू द्या."

आम्ही परीक्षेला बसलो आणि पासही झालो. शिक्षा मात्र खरोखरच झाली. उन्हाळ्यात मॅडमची बदली बेज्जूरकडे, जंगलात झाली. आज या ग्रंथात पानं भरभरून लिहिणाऱ्या सहकाऱ्यांपैकी एकानंही तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही.

तिकडे गेल्यावर मॅडमनी पाहिलं, की मोहफुलं वेचायला पोरं पहाटेच रानात जातात. त्यांनी वर्ग दुपारवर नेला. काही वर्षांनी त्या आमच्या कॉलेजात परतल्या, तेव्हा ओट्यावरचा सकाळचा वर्ग पुन्हा भरू लागला. माणसाच्या कामाची वेळ आधी विचारायची, मग शिकवायचं, एवढी साधी त्यांची रीत आहे. ती समजायला आमच्या व्यवस्थेला त्यांची साठी उजाडावी लागली. आता त्याच वर्गाला "नवोपक्रम" म्हणून शाल पांघरली जाते आहे, आणि मॅडम निवृत्त झाल्यावर त्यांची जागा भरणार नाही, असं त्याच तोंडानं सांगितलं जातं आहे. शाल द्या, श्रीफळ द्या, भाषणं ठोका. पण मग यंदा वेचणीतल्या पोरींनी काय करायचं? पुन्हा काविळीचे दाखले आणायचे?

मी आज स्वतः मॅडमचाच विषय, जीवशास्त्र, शिकवते. परवा मॅडमना भेटले तेव्हा गुडघे चोळत म्हणाल्या, "निवृत्तीनंतरही जाईन वं मी सकाळच्या बसनं. पोरी वाट पाहतात." मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला.

मॅडम, तुम्हांला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. पण सरकारची कसूर भरून काढण्यात त्यातला एक दिवसही जाऊ नये. जागा भरेपर्यंत आम्ही भांडू. आणि सोमवारच्या पहिल्या बसनं ओट्यावरच्या वर्गाला तुमच्याऐवजी मी जाते आहे, तुम्ही झोपा.