इंदूबाईंची नसबंदी

गणपतीत इंदूबाई मिशी लावतात, याला आता देवासातलं शेंबडं पोरही हसत नाही. मराठी मंडळाच्या बायकांचं नाटक म्हटलं की त्यात नवरा, सासरा, फौजदार, शेठजी, जो कोणी मिशीवाला असेल तो इंदूबाईच. आवाज घोगरा, खांदे रुंद, आणि खाकरणं असं की शेजारच्या घरातल्या सुना डोक्यावर पदर घेतात. पूर्वज म्हणे देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या पागेत घोडी सांभाळायला आले होते. "पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांवर ओरडलो आम्ही, गळा काय सतारीसारखा राहणार आहे?" असं त्याच सांगतात. नाटक संपलं तरी मिशी लगेच उतरवायची नाही, हा त्यांचा आणखी एक चावटपणा. मिशीसकट डेअरीवर जायचं, अस्सल माळवी थाटात "भिया, अर्धा लिटर" म्हणायचं, आणि गिऱ्हाइकांचे चेहरे बघत उभं राहायचं.

पण त्या भादव्यात इंदूबाईंनी जो नवरा रंगवला, त्याची चर्चा देवासातून निघाली ती थेट मनावर गावाला, त्यांच्या सुनेच्या माहेरी जाऊन पोचली. नाटकाचं खरं नाव लोक विसरले. आता सगळे त्याला इंदूबाईंची नसबंदी असंच म्हणतात, आणि त्याही ते नाव ऐकून खूश होतात.

झालं होतं असं. इंदूबाईंचा मुलगा विपुल. त्याची साउंड सर्व्हिस आहे, लग्नाचे डीजे, सभेचे माइक, गणपतीचे भोंगे, सगळं तोच लावतो. त्याची बायको अंकिता. मुलगी गोड, हिंदी शाळेत शिकलेली. मराठी बोलायला झकास, वाचायला बसली की जोडाक्षरापाशी गाडी अडली. दोघांना दोन मुली, आणि दोन्ही वेळा सिझर. आषाढापासून घरात एकच धोशा सुरू झाला होता. विपुल म्हणे, "एक चान्स और बघू ना." त्याचे बाबा तुकारामभाऊ सोयाबीनच्या कारखान्यातून रिटायर होऊन दिवसभर पेपर वाचतात, ते पेपरामागून म्हणत, "नातू असला तर बरं." विपुलची आत्या इंदूरहून फोनवर तेच म्हणे. अंकिता पोळ्या लाटत असायची आणि लाटतच राहायची.

डॉक्टरीणबाईंनी तर स्पष्ट सांगितलं होतं. अंगात रक्त कमी, पोट दोनदा उघडलेलं, तिसऱ्याचा विचार नको. आणि ऑपरेशन करायचंच तर नवऱ्याचं करा, ते सोपं, दहा मिनिटांचं काम, संध्याकाळी घरी. हे ऐकल्यावर विपुलची पाचावर धारण बसली. मग म्हणाला, "माझं काम वजन उचलायचं. मी कमजोर झालो तर स्पीकर कोण उचलेल? असलं बायकांचंच असतं."

इंदूबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांनी त्याला सरळ सांगून पाहिलं, ओरडून पाहिलं, जेवताना पाहिलं, आंघोळीला निघाला असताना पाहिलं. विपुल प्रत्येक वेळी हातावर तुरी देऊन पसार. सरळ सांगून ऐकेल तर तो इंदूबाईंचा मुलगा कसला! तेव्हा त्यांनी ठरवलं की आता हे प्रकरण मिशी लावूनच मिटवायचं.

पहिला अडथळा उमाशंकर सर. मंडळाचे अध्यक्ष, संस्कृतचे निवृत्त मास्तर, जुन्या दप्तरदारांच्या घरातले. त्यांच्याकडे अजून 'झाले'ला 'जाहले' म्हणतात. कार्यक्रमात काय होणार ते आधी त्यांच्या कानावर घालावं लागतं.

"नाव काय नाटकाचं?" सरांनी चहा घेता घेता विचारलं.

"पाळी कोणाची?"

कपातला चहा बशीत आला. "इंदूबाई! गणपतीसमोर हा शब्द?"

"कोणता शब्द?"

"तो... पहिला."

"पाळी? अहो सर, पाळी म्हणजे टर्न. पत्ते खेळताना म्हणत नाही का, आता तुझी पाळी? तुमच्या मनात दुसरं काय आलं?"

सरांचे कान लाल झाले. मनात काय आलं ते सांगायचं तर तो शब्द पुन्हा उच्चारायला हवा. "काही नाही, काही नाही," ते घाईघाईने म्हणाले. "घरगुती विनोद आहे ना?"

"अगदी घरगुती," इंदूबाई म्हणाल्या. म्हणजे खोटं काहीच बोलल्या नाहीत.

तालमी विपुल कामावर गेला की इंदूबाईंच्याच ओसरीवर होत. नवरा त्या स्वतः. डॉक्टर झाली चारुलता, त्यांची शाळेपासूनची मैत्रीण, नाकावर चष्मा आणि पिशवीत अडकित्ता. बायकोच्या कामाला त्यांनी अंकितालाच उभं केलं. विपुलला कळू नये म्हणून त्याला सांगितलं की हे पत्त्यांचं नाटक आहे, आणि गडी बिचारा खरंच समजला की यात जुगार वगैरे असणार.

अंकिताने पहिल्याच दिवशी विचारलं, "आई, माझा डायलॉग कुठे आहे?"

"तुला डायलॉग नाही गं. तू उभी राहा नुसती. शेवटी डॉक्टर विचारेल, बायकोचं काय? मी म्हणणार, तिचं काय विचारायचं, ती हो म्हणेल. की तू मान हलवायची, नंदीबैलासारखी. हॉल कोसळेल बघ!"

"बस? एवढंच?"

"मराठी पाठ करायचा त्रास वाचला ना तुझा!"

अंकिता जाऊन ठरल्या जागी उभी राहिली. इंदूबाईंना वाटलं, सून खूश झाली. स्वतःच्या विनोदांवर माणसाचा जीव असला की समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्यातलंच हे. आणि विनोद होतेही एकेक नामी. ऑपरेशनच्या टेबलावरचं कण्हणं तर त्या असं करत की चारुलताच्या हातून अडकित्ता गळून पडायचा. "एवढं कण्हायला कुठे शिकलीस गं?" तिने एकदा हसता हसता विचारलं.

"शिबिरात," इंदूबाई म्हणाल्या, आणि लगेच पुढचा प्रवेश घेतला. दोन मुलं झाल्यावर तुकारामभाऊंनी एक दिवस सांगितलं होतं, उद्या ऑपरेशनच्या शिबिराची गाडी जाणार आहे, बसून जा. त्या बसून गेल्या होत्या. त्याबद्दल त्या कधी कुणाशी बोलल्या नव्हत्या आणि तेव्हाही बोलल्या नाहीत.

नाटकाचा दिवस उजाडला. मंडळाचा हॉल भरला, पहिल्या रांगेत तुकारामभाऊ शेंगदाणे घेऊन बसले, कोपऱ्यात विपुल मिक्सरवर कानाला हेडफोन लावून. बाहेर चौकापर्यंत त्याने भोंगे लावलेले. निवेदनाला मेधा होती, कॉलेजात जाणारी, अंकितासारखीच हिंदी शाळेची. इंग्रजी फाडफाड, हिंदी झकास, पण मराठीतल्या 'ळ'शी तिचं लहानपणापासून भांडण. तिने मोठ्या झोकात जाहीर केलं, "सादर आहे, पाली कोणाची!"

पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी किंचाळून पाय खुर्चीवर घेतले. "कुठे आहे पाल?" म्हणून दोघी-तिघी उठल्या, एकीने भिंतीवर चप्पल उगारली. उमाशंकर सर मात्र निश्चिंत झाले. पाली तर पाली, तो शब्द टळला.

पडदा उघडला आणि इंदूबाई आल्या. अंगात विपुलचा टी-शर्ट, पाठीवर साउंड सर्व्हिसचं नाव, ओठांवर मिशी, आणि बोटावर गाडीची चावी फिरवत, थेट विपुलसारखी. पहिलंच वाक्य, "भिया, मी कमजोर झालो तर स्पीकर कोण उचलेल?" हॉल जो फुटला! सगळ्या माना वळल्या कोपऱ्याकडे. विपुलच्या बोटावर तेव्हा खरोखर चावी फिरत होती, ती त्याने पटकन खिशात घातली. पत्ते वगैरे काही नाही, हे त्याच्या लक्षात आलं, पण आता उठून जायचं तर माइक कोण बघणार?

चारुलताने पिशवीतून अडकित्ता काढला तेव्हा नवरा टेबलावर चढला. "उतरा खाली, सुपारीचा आहे," डॉक्टर म्हणाली. "तुमच्यासाठी एवढंसं भोक पुरतं, टाकासुद्धा नाही." नवरा उतरला, पुन्हा चढला, बेशुद्ध पडला, एक डोळा उघडून विचारू लागला, झालं का? मागे उभी असलेली तरणी पोरं शिट्ट्या मारत होती. म्हातारे गृहस्थ रुमाल तोंडावर धरून हलत होते. इंदूबाईंना असा रंग वर्षानुवर्षांत चढला नव्हता.

मग आला शेवटचा विनोद. डॉक्टरने विचारलं, "तिसरं मूल हवंय कोणाला?"

"मला, बाबांना, आत्याला, आत्याच्या शेजारणीला."

"आणि बायकोला?"

"तिचं काय विचारायचं? ती हो म्हणेल!"

सगळे अंकिताकडे बघू लागले. अंकिताने मान हलवली नाही. तिने पुढे येऊन माइकच्या दांडीला हात लावला आणि म्हणाली, "नाही."

इंदूबाई मिशीतल्या मिशीत चरफडल्या. केला ना विनोदाचा सत्यानाश! त्यांनी दबक्या आवाजात म्हटलंही, "मान हलव गं." पण अंकिता थांबत नव्हती.

"डॉक्टर म्हणतात, रक्त कम आहे. आई म्हणतात, पोट दोन बार उघडलंय. सगळं बराबर आहे. पण रक्त भरपूर असतं ना, तरी मला नको होतं. मला दोन मुली आहेत आणि मला पुरे आहेत. मुलगे असते तरी पुरे असते. कोणी विचारलंच नाही, म्हणून सांगतेय."

इंदूबाई एक पाय स्टुलावर ठेवून तशाच उभ्या राहिल्या, आणि आपण काय केलं ते त्यांना आत्ता कळलं. सुनेसाठी त्या आषाढापासून भांडत होत्या. मुलाशी भांडल्या, नवऱ्याशी भांडल्या, नाटक रचलं, सगळ्यांना वाक्यं वाटली, आणि जिच्यासाठी हे सगळं, तिला म्हणाल्या, उभी राहा नुसती. लाजेने त्यांचे कान तापले. घामाने मिशीचं एक टोक सुटलं, तेही त्यांनी दाबलं नाही.

उमाशंकर सर मात्र उठले. हा काही घरगुती विनोद नव्हता. लगबगीने विपुलपाशी गेले, हात खाली-वर करत पुटपुटले, "विपुल, आवाज! अरे, आवाज!"

विपुलचं बोट माइकच्या बटणावर होतं. ते खाली ओढलं की अंकिता गप्प झाली असती, आणि कोणी त्याला नावंही ठेवली नसती. तो बायकोकडे बघत राहिला. इंदूबाईंना तिथून त्याचा चेहरा दिसत होता आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

मग विपुलने कानावरून हेडफोन काढला. अगदी साळसूदपणे म्हणाला, "कमी येतोय का, सर?" आणि बटण वर सरकवलं.

"मला नको," अंकिता म्हणत होती, "नको म्हणजे नको." तिचा आवाज भोंग्यांतून चौकात गेला, कचोरीवाल्यापर्यंत गेला. आधी मागच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, मग मघाशी पाय वर घेऊन बसलेल्या काकूंनी, आणि मग बायकांच्या सगळ्या रांगांनी. सर आपल्या खुर्चीवर जाऊन बसले. बोलणार काय? आवाज तर त्यांनीच वाढवायला सांगितला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पोहे होते. विपुल बशीशी चाळा करत बसला होता. शेवटी म्हणाला, "तिसरं नाही. संपला विषय." मग खाली बघत, "आणि ते ऑपरेशन... करू का मी?"

इंदूबाईंनी तोंड उघडलं. जिभेवर दहा वाक्यं तयार होती. अंकिताकडे पाहून त्यांनी ती सगळी पोह्यांबरोबर गिळली, आणि सोपं नव्हतं ते.

"तू ठरव," अंकिता म्हणाली. "अंग तुझं आहे. मी कसं सांगू?"

विपुलला हे फारच जड गेलं. रागावली असती, रडली असती, तर तडकाफडकी हो म्हणून टाकलं असतं. त्याने आईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं. "अरे, कोणीतरी सांगा ना!" कोणी सांगेना. मग लहान मुलासारखं विचारलं, "दुखतं का?"

"छे, काही दुखत नाही," तुकारामभाऊ पेपरामागून म्हणाले. "तुझ्या आईचं तर केवढं मोठं ऑपरेशन झालं होतं. चौथ्या दिवशी भाकऱ्या थापत होती."

पेपर हळूहळू खाली आला. तुकारामभाऊंनी चष्मा काढला, बायकोकडे पाहिलं आणि कधी नव्हे ते चाचरत विचारलं, "दुखलं होतं का गं?"

इंदूबाईंचा घोगरा आवाज एकदम बारीक झाला. "दुखलं तर काय! टाका पिकला होता. शाळेच्या फरशीवर झोपवलं होतं आम्हाला, ओळीने..."

"आई, मी जातो," विपुल उठत म्हणाला. "उद्याच जातो मी, मी ठरवलं..."

"जा रे, उद्या जा," इंदूबाई म्हणाल्या. "आत्ता गप्प बस जरा. मला बोलू दे."