मऊ तेलाचं पिंप

गिरजाबाईंचं नाव आधी लिहिते. नळदुर्गात आमच्या गल्लीत त्या बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालतात. माझं माहेर लांब गोंदियाकडं, बाळंतपणाला आई येऊ शकली नाही. बाराव्या दिवशी बाळाला पायावर घेऊन तेल लावताना गिरजाबाईंचा हात थांबला.

"एकच गोटी हाताला लागती गं. दुसरी उतरलीच न्हाय. डॉक्टरला दाखव, लाजू नको."

इथल्या दवाखान्यात म्हणाले, सहा महिने थांबा, कधी आपोआप उतरतं. मी रोज आंघोळीला चाचपून बघायची. उतरलं नाही. नवरा ट्रकवर हैदराबादच्या फेरीत, म्हणून गिरजाबाईच माझ्याबरोबर सोलापूरला आल्या.

तिथल्या डॉक्टरांनी तपासून नाव सांगितलं, अनडिसेंडेड टेस्टिस. म्हणजे वृषण पिशवीत न उतरता वर जांघेत अडकलेलं. मग त्यांनी विचारलं, "गरोदरपणात काय काम करत होता?"

हायवेजवळच्या शेडात, मी म्हणाले. तिथं पाण्याचे मऊ पाइप बनतात. पावडरीत पिंपातलं तेल मापून घालायचं. त्यानं प्लास्टिक मऊ होतं, म्हणून आम्ही त्याला मऊ तेल म्हणायचो. थंडीत हात फुटले की तेच हाताला चोळायचो. तेल म्हणजे तेल, एवढंच आम्हाला ठाऊक.

डॉक्टर लिहायचे थांबले. "पिंपावरच्या कागदाचा फोटो मागवा."

शेडातल्या मैत्रिणीनं पाठवला. त्यावर एका माणसाचं चित्र आहे, छातीत चांदणी फुटल्यासारखं. आम्ही बाया त्याला हसायचो, "ह्याची बायको माहेरी गेली वाटतं." खाली सगळं इंग्रजी. मी पाचवीत शाळा सोडलेली.

डॉक्टरांनी वाचून दाखवलं. पोटातल्या बाळाला इजा होऊ शकते, असं त्यावर छापलेलंच होतं. त्या तेलाला प्लास्टिसायझर म्हणतात, त्यातलं रसायन थॅलेट. मुलगा पोटात असताना त्याचं अंग मुलाचं घडवणारा हार्मोन, म्हणजे शरीरातला रस, त्यानं कमी पडू शकतो. "तुमच्या बाळाला त्यानंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण तुम्हाला तिथं बसवायला नको होतं."

मला बसवलं कुणी, तर मुकादम अण्णांनी. मला दिवस गेल्याचं कळलं तसे ते म्हणाले होते, "पोती उचलू नको आता. तू आपली बसून तेल माप. लेकीसारखी हायस तू मला." मी कौतुकानं फोनवर आईला सांगितलं होतं, इथंही एक बाप भेटला.

त्यांची सूनही त्याच शेडात होती, तिलाही तेव्हाच दिवस गेलेले. ती मात्र त्या आठवड्यापासून आलीच नाही. मला वाटलं, मुकादमाच्या घरची, तिला कशाला काम.

सोलापूरहून आल्यावर बाळाला कडेवर घेऊन शेडात गेले. अण्णा पाइपचं वेटोळं बांधत होते.

"अण्णा, सुनेला घरी का बसवलं होतं?"

"तिला सोसत न्हाय. नाजूक हाय ती."

"आणि मी?"

"तू दणकट." म्हणाले आणि दुसरं वेटोळं ओढलं. बाळाकडं बघितलं नाही. पिंप आलं की त्यावरचा कागद वाचून सही तेच करायचे. परका असता तर मला एवढं लागलं नसतं.

नवव्या महिन्यात बाळाची ऑर्किडोपेक्सी झाली. म्हणजे वृषण खाली ओढून पिशवीत टाक्यानं बसवणं. मी बाहेर बाकावर होते. गिरजाबाई म्हणाल्या, "बस की नीट, बाकडं हलाय लागलंय." डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ऑपरेशन नीट झालं. वृषण लहान आहे, मुलगा मोठा होईपर्यंत तपासत राहा. एका बाजूचं असलं तर बहुतेक जण पुढं बाप होतात, पण आज खात्री देता येत नाही. ती धास्ती माझ्याबरोबर राहणार.

अशा शेडात कामाला असाल तर पिंपावरचं कुणाकडून तरी वाचून घ्या, दिवस गेले की अगदी पहिल्या महिन्यातच. आणि मुलाला न्हाऊ घालताना नीट बघा. त्यात लाज कसली?

गिरजाबाईंना लुगडं दिलं, त्यांनी परत केलं. त्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरताना भिंत धरतात. दाखवायला नको म्हणतात, एकटीनं कुठं फिरू त्या दवाखान्यात. सोलापूरला केसपेपर कुठं निघतो, एक्स-रे कुठं, मला आता पाठ आहे. एक दिवस त्यांना घेऊन जाईन, रांगेत मी उभी राहीन आणि त्यांना बाकावर बसवीन. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. इथं लिहून ठेवते.