सेंट्रिफ्यूजशेजारचा डबा

कारखान्याच्या सांडपाण्यातला गाळ वेगळा करायला सेंट्रिफ्यूज घ्यायचं ठरलं आणि निवड खरेदीखात्यातल्या एका गृहस्थांकडे आली. मी प्रयोगशाळेतला, प्रत्येक चाचणीला पाण्याच्या नमुन्यांसाठी बाटल्या घेऊन त्यांच्या मागे.

गळ्यात मोबाइल अडकवलेला विक्रेता फेऱ्यांचा वेग सांगू लागला की हे म्हणायचे, "ते राहू दे हो, चालू करा." यंत्र सुरू झालं की शेजारी स्टूल ओढून त्यावर डबा उघडायचे आणि उभ्याउभ्याच जेवायचे. पहिल्या यंत्राने थरथरवत डबा खाली पाडला. दुसऱ्याने आमटीत गाळ उडवला. "उचला हे!" तिसऱ्याशेजारी त्यांनी मासा काट्यापर्यंत चोखला, ढेकर दिली आणि म्हणाले, "हे घ्या."

माझ्या बाटल्याही तेच सांगत होत्या, याचाच मला जास्त राग आला.

यंत्र बसलं. नितळ पाणी खाडीकडे निघालं. त्या दुपारी त्यांनी मलाही माशाची तळलेली तुकडी वाढली. मी खुशीत विचारलं, "आपल्या खाडीतला का हो?"

त्यांना हसून ठसका लागला.

"खुळा की काय तू! हा गुहागरचा, समुद्रातला. खाडीत आपण पाणी सोडतो नाय का?"