उजवी वेणी

परतूरच्या डॉक्टरांनी माझ्या बहिणीचा, सुमनचा, एक्स-रे दाखवला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. कणा वळला होता, फुफ्फुस दबलं होतं. दोन वर्षांनी न्यूमोनियात ती गेली.

आज शेजारच्या मुलीच्या केसांना खोबरेल तेलाचा वास आला आणि एक सकाळ आठवली. तेरा वर्षांची सुमन शाळेसाठी माझ्यापुढे बसली होती. उजवी वेणी खांद्याला टेकत होती, डावी नाही.

"ताई, बराबर घाल की. पोरी हसून राह्यल्यात."

"तूच वाकडी बसून राह्यलीस."

ती ताठ बसली. तरी उजवा खांदा वरच राहिला. मला घाई होती. मी उजवी रिबन बोटभर वर बांधली. दहावीपर्यंत रोज तशीच बांधली.

आई अजून म्हणते, "कुणालाच कसं दिसलं न्हाई?" मी तिला सांगितलेलं नाही.