बोंबलाच्या डब्यातला गुलाब

पालीच्या माईंचं नाव आधी घेतो, कारण त्या नसत्या तर माझी ताई पहिल्याच संक्रांतीला रडत माहेरी आली असती. माई म्हणजे ताईच्या सासूबाई. घर माळकरी; मासळीचं नावसुद्धा कुणी काढत नाही.

ताईच्या पहिल्या हळदीकुंकवाचं वाण आमच्याकडून, मुरुडहून जायचं होतं. मी नववीतून शाळा सोडून घरीच बसलेलो. म्हटलं, फोनवर बघून रंगीत सुगंधी साबण करू. (विज्ञानात नापास झालो होतो, हे तेव्हा आठवायला हवं होतं.) रंगाला बीट घातलं, ते तपकिरी झालं. हळद घातली, ती लाल झाली.

"हळदीचं कुंकू झालं रे, शकुन चांगला हाय," आई म्हणाली.

वर गुलाबाचं अत्तर ओतलं. आता वड्या महिनाभर कोरड्या जागी ठेवायच्या. आमच्या घरात खात्रीची कोरडी जागा एकच, सुक्या बोंबलांचा पत्र्याचा डबा. खाली बोंबील, मधे कागद, वर साबण.

"आये, वास बघ."

"गुलाबच हाय."

खोटं नव्हती बोलत. आमच्या नाकाला बोंबील म्हणजे नुसती हवा.

पालीला पिशवी पोचवून मी ओटीवर बसलो. आत उखाणे, तिळगूळ, हसणं. मग वाण वाटलं.

"सूनबाई, वास कसला गं हा?" एका बाईंनी विचारलं.

"गुलाबाचा," ताई म्हणाली.

"तुमच्याकडं गुलाब समुद्रात उगवतो व्हय?"

तेवढ्यात माझ्या पायावरून एक मांजर आत गेलं. मागून दुसरं. (तिसरं शेजारच्या आळीतलं होतं, म्हणून जरा उशिरा आलं.) मी चपला शोधायला लागलो.

दारातून दिसलं, माईंनी एक वडी नाकाशी धरली आणि बराच वेळ धरूनच ठेवली.

"या वड्या माझ्यासाठी मागवल्यात," त्या म्हणाल्या. "चुकून वाटल्या. परत द्या, वाणाला माझ्या कपाटातल्या वाट्या देते."

बायका गेल्यावर ताईला रडू फुटलं.

"रडतेस कशाला? मी रेवदंड्याची, बोंबील खाऊन वाढलेली. माळ लग्नानंतर आली गळ्यात. एवढं माहेर मला कुणी आणून दिलं नव्हतं," माई म्हणाल्या, आणि दारामागे लपून बसलेल्या मला त्यांनी हाताला धरून जेवायला नेलं.

आता मी मस्कतला एका हॉटेलात खोल्या आवरतो. रोज सुगंधी साबण मांडतो. एकालाही घराचा वास नाही. माईंना कळवलं, तुमचे उपकार फेडायला चांगला गुलाबाचा साबण करून आणणार आहे. ताईकडून माईंचा निरोप आला, "कर, पण डबा तोच ठेव."

ठेवीन, माई. एक दिवस नक्की आणीन. गुलाब माझा चुकेलही, बोंबील चुकायचा नाही.