मावशीचा करपलेला शिरा

मी जो काही झालो तो मावशीमुळे. परंदवडीच्या आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळा पाहिली नव्हती. लोणावळ्याच्या हायस्कुलात नाव घातले, तेव्हा राहायला जागा नव्हती. भुशीच्या रस्त्यावरच्या एका बंगल्यात ही लांबच्या नात्यातली मावशी स्वयंपाकीण होती. तिने मला मागच्या पडवीत ठेवून घेतले. "हितं बस. आदी खा, मंग शानपना सांग," हे तिचे पहिले वाक्य. बी.ए. होऊन पेढे घेऊन गेलो, तेव्हाही तिने हेच ऐकवले.

लोणावळ्याचे बंगले तुम्हीही बाहेरून पाहिले असतील. व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, फाटकाशी कण्हेरी आणि वर्षातला बहुतेक काळ बंद खिडक्या. उन्हाळ्यात मुंबईची मंडळी येत. मावशीचे साहेब वारले होते. कारभार त्यांच्या भावाकडे, काकासाहेबांकडे होता. साहेबांची मुलगी बेबी पंधरा वर्षांची. शेजारच्या बंगल्यातली कुसुम तिची जिवाची मैत्रीण. बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात मी दोघींना गणित शिकवायला जाई. बेबीला चटकन रडू येई, कुसुमला कधीच नाही. "ही पोर दगडी भित्ताडागत हाय," मावशी म्हणे, "पन बेबीला धरून हुबी ऱ्हाती."

त्याच उन्हाळ्यात काकासाहेबांनी बेबीचे लग्न कलकत्त्याच्या एका पन्नाशीच्या विधुर व्यापाऱ्याशी ठरवले. बेबी जेवेनाशी झाली. कुसुमने गणिताची वही मिटली आणि विचारले, "मास्तर, कलकत्ता किती लांब?" मी मैल सांगितले. तिने नुसती मान हलवली.

मग एका दुपारी दोघी स्वयंपाकघरात आल्या. काकासाहेबांचा शिरा आज आम्ही करणार, म्हणाल्या. मावशी हसली. "करा बायांनो. सासरी उपेगी पडंल."

मुलींना टेबलावर आलेले ताट तेवढे ठाऊक. चुलीवरून उतरलेल्या अन्नाचा पहिला घास मावशी परसातल्या गाईला देते, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते. गाईने शिरा हुंगला आणि मान फिरवली. मावशीने पुन्हा हात पुढे केला. गाय मागे सरली. मावशीने बोट जिभेला लावले आणि थुंकली. मग ती फाटकाशी जाऊन आली. कण्हेरीच्या बुडाशी माती नव्याने उकरून विषारी मुळी तोडलेली होती.

तिने सगळा शिरा परसात पुरला आणि टेबलापाशी जाऊन काकासाहेबांना म्हणाली, "सायेब, शिरा करापला. माजंच ध्यान न्हवतं."

संध्याकाळी तिने दोघींना पडवीत माझ्यासमोर बसवले.

"कुनाची अक्कल?"

"माझी," कुसुम म्हणाली.

"नाही, माझी," बेबी म्हणाली.

"दोगींची व्हय? मंग फासाची दोरीबी निम्मी निम्मी घेनार का?"

बेबी रडू लागली. कुसुमने तिचा हात धरला आणि शांतपणे विचारले, "तिला तर पाठवणारच आहेत. तू काय करणार आहेस?"

मावशी भिंतीला टेकली. खूप दमल्यासारखी दिसली. "बगते," म्हणाली.

सकाळी ती काकासाहेबांपुढे उभी राहिली. "काल शिऱ्यात म्या इख कालवलं हुतं. द्या पोलिसात. का कालवलं, ते तितं समद्यांदेखत सांगीन. पंदरा वर्साची पोर कुनाच्या गळ्यात बांदताय, त्येबी सांगीन."

काकासाहेबांना विषापेक्षा बोभाट्याची भीती जास्त. लग्न मोडले. बेबीला बोर्डिंगात धाडले. मावशीला त्याच दुपारी बंगला सोडावा लागला. मी तिचे बोचके उचलले, तर तिने ते काढून घेतले. "तू नगं येऊस. तुला अजून नोकरी लागायची हाय. इख घालनाऱ्या बाईसंगं दिसू नगंस."

परळला तिच्या भावाच्या खोलीत गेली, एवढा पत्ता कळला. तळेगावला शाळेत लागल्यावर मी तिला पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. शेवटचे पत्र असे होते:

"तीर्थरूप मावशीस साष्टांग नमस्कार. बेबी मॅट्रिक झाली. लग्न केलेले नाही. कुसुम तिला भेटायला जाते. दोघी तुझा पत्ता विचारतात. तुला विचारल्याशिवाय दिलेला नाही. हे पत्र कोणी शेजारी वाचून दाखवील, म्हणून जास्त लिहीत नाही. मला दोन खोल्यांची जागा मिळाली आहे. त्यातली एक तुझी. कामाला नव्हे, राहायला ये. रविवारी शाळा नसते, तेव्हा रविवारची गाडी धर. मी स्टेशनवर असेन. गेल्या रविवारीही होतो."