हायड्रोची कळ

ते प्रकरण अजूनही माझा पिच्छा सोडत नाही, आणि त्यात ना खून होता ना दरोडा. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात एका कामगार बाईचा हात हायड्रोत सापडून मनगटाजवळ मोडला होता. हायड्रो म्हणजे धुतलेले टॉवेल गरगर फिरवून पिळणारं यंत्र. फिरणं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नये म्हणून त्याला एक कळ असते. ‘यंत्रात बिघाड’ अशी खबर आली, आणि मीही तशीच नोंद घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला. “साहेब, कळ बिघडली न्हाय, काढलीया. वायरी बघा की.” नाव विचारताच फोन बंद. पंचनाम्याला गेलो, तर कळेच्या दोन्ही वायरी एकमेकींना जोडून वर नीट टेप गुंडाळलेली, म्हणजे कळ मुद्दाम निकामी केलेली.

कारखान्याचा फिटर साठीच्या आसपासचा, तेलुगू घरातला. सगळे त्याला मामा म्हणत. ठाण्यात बसवून विचारलं.

“वायरी कुणी जोडल्या, मामा?”

“मीच.”

“कुणी सांगितलं?”

 ते एवढंच म्हणाले, “तप्पु नादि, साहेब.”

एवढी तेलुगू सोलापुरात कुणालाही कळते. जबाबात मी लिहिलं, ‘माझ्या चुकीमुळे अपघात झाला.’ मामांनी न वाचता सही केली.

संध्याकाळी मालकांकडे गेलो. खरंच भले गृहस्थ. दीडशे कामगारांना नावानिशी ओळखायचे. केबिनमध्ये पाटी होती, ‘आमची मूल्ये : सर्वांत आधी माणूस’. चहा घेता घेता मी बोलून गेलो, “तुमच्या फिटरनं कबूल केलंय.” तपास चालू असताना असं बोलायचं नसतं, हे नवा शिपाईसुद्धा जाणतो. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं मामांना काढलं. पत्रात कारण होतं, ‘मूल्यांचा भंग’.

चार दिवसांनी ती जखमी बाई, अक्का, गळ्यात हात बांधून ठाण्यात आली.

“तुमी चूक लिवलं म्हनं? आमच्यात तप्पु म्हंजे पाप बी व्हय की! मामा दोनदा नको म्हनले. मनाला पटत नसताना हात लावला, ते पाप सांगत होते तुमाला.”

“पुरावा आहे का, अक्का?”

“हाय की. हे ऐका.”

तिच्या मोबाईलवर कारखान्याचा ग्रुप होता. त्यात मॅनेजरचा आवाज : “उद्यापासून हायड्रो पूर्ण थांबायची वाट बघू नका. मामा, कळ काढून टाका.” खाली मालकांनी अंगठा दिलेला. आमच्याकडे अंगठा म्हणजे सही.

अक्का बाकावर बसलेली असतानाच मॅनेजरला आणि मालकांना बोलावलं. मॅनेजर म्हणाला, “साहेब, ऑर्डर चुकली असती तर दीडशे घरं बसली असती. एखाद्याला धोका, पण बाकी सगळ्यांचं भलं.”

बाकावरून अक्का कडाडली, “तो एखादा कोन, ते बी तुमीच ठरवलं व्हय? घाला की मग तुमचा हात!”

मालक ओशाळून म्हणाले, “मी ते ऐकलंही नव्हतं हो. तो काहीतरी टाकतो, मी अंगठा देतो.”

मामांचा पुरवणी जबाब घेतला, या वेळी शब्दाला शब्द. मालक आणि मॅनेजर आरोपी झाले, मामा साक्षीदार. मालक स्वतः त्यांना परत न्यायला घरी गेले. मामांनी चहा पाजला, पण गेले नाहीत.

स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर मी मामांच्या घरी गेलो आणि त्यांच्या कबुलीचं मालकांजवळ मीच बोललो होतो, ते सांगून टाकलं.

“मालकांनी इचारलं असंल,” मामा म्हणाले. “मग तुमी तरी काय करनार?”

“नाही मामा. त्यांनी विचारलंच नव्हतं.”

 मामा आत तोंड करून तेलुगूत काही बोलले, आणि मामींनी माझं ताट वाढून आणलं.

प्रशिक्षणात एका प्राध्यापकांनी शिकवलं होतं : नीती ठरवताना कुणी परिणाम बघतो, कुणी कर्तव्य. कारखान्यात मी तिसरंच पाहिलं. मॅनेजर ऑर्डरकडे बोट दाखवत होता, मालक मॅनेजरकडे. ‘माझं आहे’ म्हणणारा एकच निघाला, आणि मी नेमका त्यालाच धरला. ते ताट मी संपवलं, पण मामांकडे बघायचं धाडस काही झालं नाही.